सही येत असतां अंगठा कां?

गेल्या ज्येष्ठांत पीककर्जाच्या नूतनीकरणाची गर्दी होती. आमचेंहि थोडें काम होतें म्हणून तालुक्याच्या गांवीं एका बँकेच्या शाखेंत आम्ही ओळींत उभे होतों. आमच्या पुढें तीस-बत्तीस वर्षांचा एक शेतकरी होता. अंगांत धुतलेला सदरा, खिशाला पेन. कारकुनानें कागद पुढें सरकविला, बोटानें जागा दाखविली आणि सही करावयास सांगितलें. तो गृहस्थ घुटमळला, कपाळावर घाम आला, आणि हळूच म्हणाला, "साहेब, अंगठाच घ्या." कारकुनानें एकवार त्या पेनाकडे पाहिलें व शाईची गादी पुढें केली. डावा अंगठा उठवून, मान खालीं घालून तो मनुष्य बाहेर पडला.

आमचें काम आटोपल्यावर तोच गृहस्थ बाहेर लिंबाखालीं बसलेला दिसला. आम्हीं त्यास विचारलें, "कां रे बाबा, लिहितां येत नाहीं काय?" तो म्हणाला, "येतें दादा. बारावी झालों आहें. घरचा समदा हिशेब मीच लिहितों. पण कोणी बघत असलें कीं हात असा कांपतो कीं नांवाचें गिचमीड होतें. लोक म्हणतील, हा प्यालेला आहे, नाहीं तर ह्यानें कांहीं लबाडी केली आहे. त्यापेक्षां अडाणी म्हटलेलें पत्करलें."

अडाणी म्हटलेलें पत्करलें! हें वाक्य कित्येक दिवस आमच्या डोक्यांतून जाईना. आमच्या आज्या-पणज्यांनीं अंगठा उठविला तो लिहितां येत नव्हतें म्हणून. कागदावर काय आहे हें ठाऊक नसतां कुणब्यानें नांगराची निशाणी करावी आणि तेवढ्यावर त्याचें शेत सावकाराच्या घशांत जावें, हा प्रकार इतका माजला कीं १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून खतें ओढून काढून त्यांची होळी केली, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. पुढें शाळा आल्या, पोरें शिकलीं, आणि आपली सही आपण करणें ही आमच्या घरांतून अभिमानाची गोष्ट झाली. आज त्याच घरांतला बारा इयत्ता शिकलेला मनुष्य, पेन खिशाला असून, आपण होऊन अंगठा पुढें करितो. त्या अंगठ्यामागें अज्ञान होतें, ह्या अंगठ्यामागें भय आहे. अज्ञानाला शाळा हा उपाय होता. ह्या भयालाहि उपाय आहे, पण तो आमच्या घरांपर्यंत पोहोंचलेला नाहीं, म्हणून आज हा विषय हातीं घेतला आहे.

"तो मुळचाच बुजरा", "ती भिडस्त", "हा माणूसघाणा" असें म्हणून आपण हा विषय मिटवून टाकतों. बुजरेपणा हा रोग नव्हे, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवतों. कोणी बोलका असतो, कोणी अबोल. पाहुण्यांपुढें गप्प बसणारी पोर दोन दिवसांनीं आपोआप मोकळी होते. तिला वैद्य नको कीं औषध नको. परंतु ज्या भयापायीं माणसाचें काम अडतें, शिक्षण तुटतें, हक्काचा पैसा सोडून द्यावा लागतो, आणि हें महिनोन्महिने चालतें, तो स्वभाव राहत नाहीं, तें दुखणें होतें. डॉक्टर लोक साधारण सहा महिन्यांची मर्यादा धरितात. त्यांच्या भाषेंत ह्याचें नांव सोशल ॲंग्झायटी. आम्ही त्यास चारचौघांचें भय म्हणूं, कारण तें नेमकें तेंच आहे. चारचौघे आपल्याकडे पाहत आहेत, आपलें कांहीं तरी चुकणार, आणि ते आपणांस हसणार किंवा हलके समजणार, ह्या विचारानें छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, चेहरा तापतो, आवाज आणि हात कांपतात.

हें भय प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणीं गांठतें. कोणाला सभेंत, कोणाला फोनवर, कोणाला चहाचा कप उचलतांना, कोणाला पंगतींत घांस तोंडाकडे नेतांना. कंडक्टरला "थांबवा" म्हणण्याचा धीर होत नाहीं म्हणून पुढच्या थांब्यावर उतरून दोन मैल चालत माघारीं येणारे लोक आहेत. दुकानदारानें पन्नासाची नोट कमी दिली तरी मुकाट्यानें घरीं येणारे आहेत. रंधा धरला कीं लोणी काढावें तसें लांकूड काढणारा सुतार, पण गिऱ्हाईक शेजारीं येऊन उभें राहिलें कीं त्याच्या हातून खूण चुकते, आणि मजुरीचा आंकडा सांगतांना तर जीभ अशी अडखळते कीं पांचशांचें काम तो तीनशांत देऊन मोकळा होतो. ह्या दोनशांचा हिशेब कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं.

मुलींच्या बाबतींत तर हें दुखणें गुण म्हणून मिरविलें जातें. वर्गांत "बाहेर जाऊं का" हें चारजणींसमोर विचारावें लागेल म्हणून दिवसभर पाण्याचा घोट न घेणारी एक मुलगी आम्हांस ठाऊक आहे. घरचीं माणसें म्हणत, पोर मोठी शांत, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. तोंडी परीक्षेच्या दिवशीं ती घरांतून निघालीच नाहीं. "तिलाच शिकावयाचें नाहीं" असें सर्वांनीं ठरविलें आणि पुढल्या वर्षीं तिचे हात पिवळे केले. तिला शिकावयाचें होतें कीं नव्हतें, हें तिला एकटीला जवळ बसवून कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तरी ती एकदम बोलली नसती, हेंहि खरें.

हें दुखणें खेडवळ आणि गरीब लोकांचेंच आहे अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. फ्रान्सांतील पिएर जाने ह्या मनोवैद्यानें १९०३ सालीं अशा रोग्यांचें वर्णन केलें. त्याचे रोगी लोकांसमोर बोलण्यास, पियानो वाजविण्यास आणि लिहिण्यास भीत असत. म्हणजे आमचा हा लिंबाखालचा गृहस्थ पॅरिसमध्यें एकशेवीस वर्षांपूर्वींच होऊन गेला होता! जपानांत मोरिता नांवाच्या डॉक्टरानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशाच भयग्रस्तांवर उपचारांची पद्धत बसविली. तेथें लोकांस भय वाटे तें थोडें निराळें: आपल्या लाल चेहऱ्यानें, नजरेनें किंवा अंगाच्या वासानें समोरच्याला त्रास होईल, असें. अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या रोगसूचींत ह्या दुखण्याला १९८० सालीं स्वतंत्र जागा मिळाली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या २८ देशांच्या पाहणींत असें दिसलें कीं शंभर माणसांपैकीं सुमारें चार जणांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां हें होतें. त्याच पाहणींत श्रीमंत देशांचा आंकडा मोठा आणि गरीब देशांचा लहान आहे. गरिबाला भय कमी, कीं गरिबाला "तुला भय वाटतें का" असें विचारणारा कोणी कमी, ह्याबद्दल आमचा स्वतःचा तर्क दुसऱ्या बाजूचा आहे.

विलायतेहून १८९१ सालीं बारिस्टर होऊन आलेल्या एका तरुणाची गोष्ट सर्वांस ठाऊक असावी, पण ती ह्या बाजूनें कोणी सांगत नाहीं. मोहनदास गांधींनीं ती आपल्या आत्मकथेंत स्वतःच लिहून ठेविली आहे. इंग्लंडांत व्हेंटनर येथें शाकाहाराच्या प्रचाराच्या सभेंत एक लहानसें भाषण ते लिहून घेऊन गेले. वाचावयास उभे राहिले तों डोळ्यांपुढें अंधारी आली, हातपाय कांपूं लागले, आणि तें दुसऱ्यानें वाचून दाखविलें. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिलाच खटला चालविण्यास उभे राहिले, तर उलटतपासणीचा एक प्रश्न तोंडांतून फुटेना. खालीं बसले, पक्षकाराचा दावा दुसऱ्या वकिलाकडे दिला, आणि घेतलेली तीस रुपये फी परत केली. त्यांना हें दुखणेंच होतें असा निवाडा देणारे आम्ही कोण? पण पुढें प्रिटोरियांत १८९३ सालीं तेथील हिंदी लोकांची सभा भरवून ते बोलले, आणि मग बोलतच गेले. न बोलतां घरीं बसून त्यांची जीभ सुटली नाहीं, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां हें भय टिकतें कसें तें पाहूं, कारण उपायाची किल्ली तेथेंच आहे. तें बहुतेकांस विशी ओलांडण्याच्या आंत जडतें. कांहीं घराण्यांत तें पिढ्यान्‌पिढ्या दिसतें. कोठें लहानपणीं वर्गांत झालेली फजिती निमित्त होते. पुष्कळांस तर निमित्तहि आठवत नाहीं. पण एकदां जडल्यावर तें जगतें तें आपल्या घातलेल्या खाद्यावर. इंग्लंडांतील डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स ह्या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं ह्याची जी उकल केली, ती शेतकऱ्याला समजावयास मुळींच अवघड नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं भ्यालेल्या माणसाची नजर बाहेर राहत नाहीं, ती आंत वळते. समोरचा कारकून काय करीत आहे हें त्याला दिसतच नाहीं. त्याला दिसतो तो आपलाच हात, आपलाच घाम, आणि लोकांच्या डोळ्यांतून आपण कसे दिसत असूं ह्याचें एक चित्र. तें चित्र त्यानें भयानें रंगविलेलें असतें, पण तो तें खरें धरून चालतो. हात बोटभर हलतो, त्याला तो हातभर हलल्यासारखा वाटतो. दुसरी गोष्ट त्याच्या युक्त्यांची. पेन घट्ट आंवळून धरणें, खिशांत हात घालून उभें राहणें, बोलण्याचें वाक्य मनांत दहादां घोकणें, खालीं पाहणें. ह्या युक्त्यांनीं आपण वांचलों असें त्याला वाटतें. पण आंवळलेला हात अधिक कांपतो, घोकलेलें वाक्य ऐन वेळीं विसरतें, आणि खालीं पाहणाऱ्याशीं लोकहि तुटक बोलतात. तिसरी गोष्ट रवंथ. घरीं आल्यावर रात्रभर तो तोच प्रसंग चघळीत बसतो, आणि सकाळपर्यंत लहानशी चूक डोंगराएवढी झालेली असते.

आणि ह्या सर्वांवर कळस म्हणजे टाळणें. पुलावर बुजलेला बैल घ्या. बुजला म्हणून गाडी माघारीं वळविली कीं त्याला लगेच बरें वाटतें. दुसऱ्या दिवशीं तो पूल दिसतांच आधीं थबकतो, तिसऱ्या दिवशीं पुलाच्या वाटेलाच लागत नाहीं. पूल पडत नाहीं हें त्याला कळावें कसें? तो त्यावरून गेलाच नाहीं ना! अंगठा दिला कीं आमच्या गृहस्थाला त्या क्षणीं हायसें वाटे, आणि तें हायसें वाटणेंच पुढच्या वेळचें भय दुप्पट करी.

येथें आमचे कांहीं मित्र म्हणतील कीं हें भय आमच्या लोकांत घातलें कोणीं? पिढ्यान्‌पिढ्या वाड्यापुढून जातांना पायतण हातीं घ्यावयास लावलें, चावडीवर उभें ठेवलें, कचेरींत अरे-तुरे केलें. मग हात कांपणार नाहीं तर काय होईल? ह्या म्हणण्यांत सत्य आहे, आणि तें आम्ही कधींहि नाकारणार नाहीं. ज्या टेबलावर शेतकऱ्याचा अपमान होतो, त्या टेबलाचें भय हा शेतकऱ्याचा रोग नव्हे, त्या टेबलाचा रोग आहे, आणि त्याचें औषध अधिकाऱ्याला पाजलें पाहिजे. परंतु दोहोंत फरक करावयास शिकलें पाहिजे. जेथें कोणी अपमान करणारा नाहीं तेथेंहि हात कांपतो काय, हें पाहावें. आमच्या गृहस्थाचा हात स्वतःच्या चुलतभावांच्या पंगतींत कांपे. तेथें कोणता साहेब होता? आणि वाड्यांत जन्मलेल्या, पदव्या घेतलेल्या लोकांनाहि हें दुखणें होतें, तेव्हां सगळा दोष इतिहासावर टाकून रोग्याला तसाच ठेवणें म्हणजे त्याच्यावर दुहेरी अन्याय करणें होय. मान मिळविण्याचा झगडा चालूं द्यावा. तो संपेपर्यंत ह्या माणसानें अंगठा देत बसावें, हें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या घरांतून ह्यावर जे उपाय होतात ते बहुतेक रोग वाढविणारे आहेत. पोराला चारचौघांत "बायल्या" म्हणून हिणवितात. म्हणजे ज्याचें भय तेंच त्याच्या पदरांत घालतात. कोणी म्हणतें लग्न करा, सुटेल. लग्नांत शंभर डोळे वर-वधूंकडे लागलेले असतात, आणि मग त्या दुखण्यांत दुसऱ्या एका जीवाची भर पडते. कोणी देवऋष्याकडे नेतात. नजर लागली, बाहेरचें झालें, असें सांगून जो कोंबडा आणि पैसे उकळतो त्याला ह्या भयाचें ओ कीं ठो कळत नाहीं. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण किंवा छळ केला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें तो गुन्हा आहे, हें घरांतल्या वडील माणसांनीं ध्यानांत ठेवावें. सर्वांत वाईट उपाय बाटलीचा. दोन घोट पोटांत गेले कीं जीभ सुटते, वरातींत नाचतां येतें, हें खरें. म्हणूनच ह्या दुखण्याचे कितीतरी लोक दारूच्या आहारीं जातात. दारू उतरली कीं भय जास्त जोरानें परत येतें, आणि मग एकाचीं दोन दुखणीं होतात.

आणखी एक उपाय आहे, तो मायेपोटीं होतो म्हणून त्याबद्दल बोलणें जड जातें. ह्या गृहस्थाची बायको आम्हांस म्हणाली, "मालकांना त्रास नको म्हणून बँकेचं, दुकानाचं, सोसायटीचं समदं मीच बघती. फोनसुदिक मीच उचलती." त्या माउलीची धडपड पाहून आम्हांस गहिंवरून आलें, पण तिलाहि आम्हांस सांगावें लागलें कीं, बाई, तूं त्याची गाडी रोज पुलावरून माघारीं वळवीत आहेस. आजारी माणसाच्या वतीनें बोलूं नये. तो बोलेपर्यंत शेजारीं उभें राहावें.

खरा उपाय काय? तो आमच्या शेतकऱ्याला शिकवावयास नको. गोऱ्ह्याला एकदम भरली गाडी कोणी जुंपतो काय? आधीं मानेवर नुसतें जूं ठेवतात, मग ओंडका ओढावयास लावतात, मग जुन्या बैलाच्या जोडीला रिकामी गाडी, आणि मग ओझें. हेंच माणसाच्या बाबतींत, पण त्याच्या संमतीनें आणि त्यालाच चढ ठरवूं देऊन करावयाचें. ह्या उपचारपद्धतीला सीबीटी म्हणतात. २०१४ सालीं जगांतील शंभरावर प्रयोग एकत्र तपासण्यांत आले, तेव्हां ह्या दुखण्यावर एकेकट्या रोग्यास दिलेला हा उपचार सर्वांत गुणकारी ठरला, आणि इंग्लंडच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शिकेनें २०१३ सालींच त्याला पहिलें स्थान दिलें होतें. त्याच्या बारा-चौदा बैठका होतात. नुसत्या गप्पा नव्हेत, प्रत्येक बैठकीनंतर घरीं करावयाचें काम असतें.

आमच्या गृहस्थाचें काय झालें तें त्याच्याच संमतीनें लिहितों. नांवगांव देत नाहीं. प्रथम तो एका दवाखान्यांत गेला. तेथें दोन मिनिटांत झोपेच्या जातीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. हात थांबला, पण औतामागें चालतांना डोळे मिटूं लागले, आणि गोळी चुकली कीं थरकांप पूर्वीपेक्षां जास्त. ह्या जातीच्या गोळ्यांची संवय लागते. त्या ह्या दुखण्यावर महिनोन्महिने घेण्याच्या नव्हेत. त्यानें हाय खाल्ली होती. श्रावणांत आम्ही त्याला दुसरीकडे घेऊन गेलों. तेथें एक मानसशास्त्र शिकलेल्या बाई होत्या. त्यांनीं त्याच्याकडूनच भयाची यादी करविली, सर्वांत सोपें खालीं, सर्वांत अवघड वर. पहिल्या आठवड्यांत बायकोसमोर दहा सह्या. मग भावासमोर. मग पिठाच्या गिरणींत उधारीच्या वहींत. पेन सैल धरावयाचें, हात कांपला तर कांपूं द्यावयाचा, आणि नजर हातावर नव्हे, गिरणीवाल्याच्या चेहऱ्यावर ठेवावयाची. त्याच्या भावानें फोनवर त्याचें सही करतांनाचें चित्रण करून त्याला दाखविलें. तो तें तीनदां पाहून म्हणाला, "एवढाच हलतो व्हय?"

पुढें बाईंनीं सांगितलें, हॉटेलांत बशींतला चहा मुद्दाम सांडा, आणि लोक काय करतात तें मोजा. ह्या कामावरून तो दोन बाजार घरीं परतला. तिसऱ्या बाजारीं सांडला. हॉटेलांतल्या पोऱ्यानें फडकें मारलें आणि "अजून एक आणूं का?" म्हणाला. बाकीच्या टेबलांवर कोणीं मानहि वळविली नाहीं. आठ वर्षें ज्या प्रसंगाचें ह्या माणसानें भय बाळगलें, तो प्रसंग एका फडक्यानें पुसला गेला.

पौषांत तो पुन्हां त्या बँकेंत गेला. तेथें निराळीच गंमत. खात्यावर अंगठ्याची नोंद, म्हणून कारकुनानें सांगितलें, आधीं सही बदलण्याचा अर्ज करा, त्यावर तीन ठिकाणीं सह्या करा. एका सहीला भ्यालेल्या माणसाला ओळींतल्या लोकांसमोर तीन कराव्या लागल्या! पहिली वेडीवांकडी, दुसरी बरी, तिसरी जशी घरच्या वहींत असते तशी. त्या दिवशीं त्यानें आम्हांस फोन केला. फोन त्यानें स्वतः केला, ही गोष्ट आम्हांस सह्यांपेक्षां मोठी वाटली.

औषधें मुळींच नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांना बैठका मिळत नाहींत किंवा भय फार आहे, त्यांना सर्ट्रालीन, एसिटॅलोप्राम ह्यांसारख्या गोळ्या डॉक्टर देतात व त्यांचा उपयोग होतो. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. गुण यावयास कांहीं आठवडे लागतात, बरें वाटल्यावरहि कांहीं महिने घ्याव्या लागतात, आणि मनास येईल तेव्हां एकदम बंद केल्या तर त्रास होतो. भाषणापुरती धडधड थांबविणारी प्रोप्रॅनोलॉल म्हणून दुसरी एक गोळी आहे. दम्याच्या माणसानें ती शेजाऱ्याकडून मागून घेतली तर जिवावर बेतेल. थोडक्यांत, गोळी डॉक्टरच्या हातची, टपरीवरची नव्हे.

आतां सरकारच्या पदरांतलें माप. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत आढळलें कीं चिंता, उदासीनता ह्यांसारख्या नेहमींच्या मनोविकारांच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें ८५ जणांस उपचार मिळत नाहीं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालीं सुरू झाला. २०१७ च्या कायद्यानें सरकारी खर्चानें मानसिक उपचार मिळणें हा हक्क ठरला. कागद चांगले आहेत. पण बैठका घेणारीं शिकलेलीं माणसें तालुक्याला नसतील, तर एका बैठकीसाठीं शेतकऱ्याची एक दिवसाची मजुरी आणि एस्टीचें भाडें जातें, आणि चौथ्या खेपेला तो यावयाचा थांबतो. निवडणुकींत मत मागावयास येणाऱ्यांना हा प्रश्न आमच्या वाचकांनीं विचारावा. ज्यांना चारचौघांत विचारण्याचें भय वाटतें त्यांच्या वतीनें तर अवश्य विचारावा.

तोंवर जें आहे त्याचा उपयोग करून घ्यावा. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांची तपासणी कोणत्या दिवशीं असते तें आधीं विचारून जावें. येरवडा, ठाणें, नागपूर, रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत, त्यांचें नांव काढलें कीं आमचे लोक दचकतात. पण ह्या दुखण्याला कोठें दाखल होऊन राहावें लागत नाहीं, बाहेरच्या बाहेर तपासून घरीं येतां येतें. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस म्हणून सरकारचा फोन सुरू आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहींत, रात्रीं-अपरात्रीं लागतो आणि मराठींत बोलतां येतें. समोरासमोर बोलण्याचें ज्याला भय, त्यानें येथून आरंभ केला तर चालेल. फोनचेंहि भय असेल तर बोलावयाचें तें कागदावर लिहून समोर ठेवून वाचावें. पहिल्या खेपेला एवढी युक्ती माफ आहे.

आमच्या गृहस्थाच्या यादींतली सर्वांत वरची पायरी अजून बाकी आहे. पंगतींत त्याला अजूनहि जेवतां येत नाहीं. आजवर प्रत्येक लग्नांत तो वाढपी होई. सगळे म्हणत, काय कामाचा मनुष्य आहे, स्वतः न जेवतां लोकांना वाढतो! खरें कारण त्याच्या बायकोलाहि ठाऊक नव्हतें. ह्या वैशाखांत त्याच्या मेहुणीचें लग्न आहे. पहिल्या पंगतीला, सासऱ्याच्या शेजारीं बसावयाचें, आणि भाताचा घांस सांडला तर सांडूं द्यावयाचा, असें त्यानें आपल्या हातानें यादींत लिहिलें आहे. बुंदीचें भांडें कोणीं हातीं दिलें तरी घ्यावयाचें नाहीं.